निकाल किती पक्का झाला म्हणजे वर दाद मागता येते? मधू लिमये खटल्याची गोष्ट

१/
२७ सप्टेंबर १९७४. नवी दिल्लीत एक पत्रकार परिषद झाली. समाजवादी नेते आणि लोकसभेचे सदस्य मधू लिमये यांनी तेथे काही विधाने केली आणि एक पत्रक वाटले, असे पुढे फिर्यादीत म्हटले गेले. पत्रकात महाराष्ट्राचे तत्कालीन विधिमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर आरोप होते. वृत्तपत्रांनी ते छापले आणि महाराष्ट्र सरकारने लिमये यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरण्याचे ठरवले.

आरोप खरे होते की खोटे, हा आपला आजचा विषय नाही. या खटल्यातून निघालेला एक प्रश्न मात्र आजही देशातल्या प्रत्येक फौजदारी न्यायालयात रोज उभा राहतो. खटला संपलेला नसताना, मध्येच झालेल्या हुकमाविरुद्ध वरच्या न्यायालयात जाता येते का?

२/
मधू लिमये हे नाव नव्या पिढीला कदाचित अनोळखी असेल. १९२२ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि १९५७ साली त्यांची सुटका झाली. १९६८ च्या नोव्हेंबरात बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अटकेची कारणे त्यांना सांगितलीच गेली नव्हती, म्हणून न्यायालयाने त्यांना मुक्त केले.

कायद्याचे बारकावे त्यांना पुस्तकातून नव्हे, तर कोठडीतून कळलेले होते.

३/
आता खटल्याकडे वळू. अब्रुनुकसानीची फिर्याद साधारणपणे ज्याची अब्रू गेली त्यानेच द्यायची असते, आणि तीही दंडाधिकाऱ्यापुढे. मंत्री किंवा सरकारी नोकर यांच्यासाठी मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९९ मध्ये वेगळी वाट होती. आरोप त्यांच्या सरकारी कामाविषयी असेल, तर सरकारच्या मंजुरीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात फिर्याद देऊ शकत असे.

येथेही तसेच झाले. फिर्याद बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयात दाखल झाली आणि सरकारची मंजुरी सिद्ध करण्यासाठी राज्याच्या मुख्य सचिवांची साक्ष झाली.

४/
१९७५ च्या मार्चमध्ये लिमये यांनी अर्ज दिला. त्यांचे मुख्य म्हणणे असे होते : 'आरोप अंतुले यांच्या खासगी वर्तनाविषयी आहेत, मंत्री म्हणून केलेल्या कामाविषयी नाहीत. म्हणून सरकारला ही वेगळी वाट वापरताच येत नाही आणि या न्यायालयाला हा खटला चालवण्याचा अधिकारच नाही.' सरकारने दिलेल्या मंजुरीवरही त्यांनी आक्षेप घेतले होते.

सत्र न्यायाधीशांनी सर्व आक्षेप फेटाळले आणि दोषारोप निश्चित केला. लिमये उच्च न्यायालयात गेले. तेथे सरकारचा पहिलाच हरकतीचा मुद्दा होता : 'हा दरम्यानचा हुकूम आहे. याविरुद्ध वर येताच येत नाही.' उच्च न्यायालयाने ही हरकत मान्य केली.

म्हणजे आक्षेप बरोबर की चूक, हे वरच्या न्यायालयाने पाहिलेच नाही. दार उघडण्याआधीच बंद झाले.

५/
येथे जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ. न्यायालय एका खटल्यात एकच निर्णय देत नाही. तारीख पुढे ढकलणे, साक्षीदाराला बोलावणे, कागद हजर करायला सांगणे, जामीन देणे वा नाकारणे असे अनेक हुकूम होत राहतात. आपल्याकडच्या कोर्टांच्या बोलीत त्यांना 'दरम्यानचे हुकूम' म्हणतात. ज्या हुकमाने वाद निकालात निघतो तो 'अंतिम हुकूम'.

प्रत्येक दरम्यानच्या हुकमाविरुद्ध वर जाण्याची मुभा दिली, तर पैसेवाला पक्षकार खटला कधी संपूच देणार नाही. अजिबात मुभा दिली नाही, तर खालच्या न्यायालयाची मोठी चूक अनेक वर्षे तशीच चालू राहील. या दोन भयांमध्ये रेघ कोठे ओढायची, एवढाच हा प्रश्न आहे.

६/
आपल्याकडे मराठेशाहीतही 'वाद संपला' याची खूण ठरलेली होती. वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष गोताचा किंवा पंचांचा निवाडा मान्य करू असे आधीच लिहून देत. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि हरणाऱ्याकडून 'येजितखत' लिहून घेतले जाई. येजितखत म्हणजे हार मान्य असल्याचा लेखी कबुलीजबाब.

निवाड्याचा शेवट हरलेल्याच्या मान्यतेशी जोडलेला होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

७/
ब्रिटिश अमदानीत १८५९ साली दिवाणी आणि १८६१ साली फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि कसोटी बदलली. आता हरलेल्याच्या कबुलीची गरज उरली नाही. हुकमाचे स्वरूप काय आहे, यावरून तो अंतिम की दरम्यानचा हे ठरू लागले. आणि हे स्वरूप ठरवणे वाटते तितके सोपे नाही. खुद्द इंग्लंडमध्ये न्यायाधीशांचे यावर एकमत होत नव्हते.

८/
१८९१ साली 'सॅलमन विरुद्ध वॉर्नर' या प्रकरणात लॉर्ड ईशर यांनी अशी कसोटी लावली : न्यायालयापुढे जो मुद्दा आला, त्याचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी वाद संपला असता का? दोन्ही बाजूंनी 'हो' असेल तरच हुकूम अंतिम.

१९०३ साली 'बोझसन विरुद्ध अल्ट्रिंचम' प्रकरणात लॉर्ड अल्व्हरस्टोन यांनी उलट वाट धरली : निर्णय दुसऱ्या बाजूने लागला असता तर काय झाले असते, हे पाहू नका. प्रत्यक्ष दिलेल्या हुकमाने पक्षकारांच्या हक्कांचा निकाल लागला का, एवढेच पाहा.

पहिली कसोटी मुद्द्याकडे पाहते, दुसरी हुकमाकडे. त्यावरून अपिलाची मुदत किती, हेही ठरत असे. चुकीचा अंदाज बांधणाऱ्या पक्षकाराची मुदत टळून जाई.

९/
हा वाद समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. १९२० साली प्रिव्ही कौन्सिलपुढे सिंधमधील एक व्यापारी प्रकरण आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. करारात लवादाचे कलम होते, म्हणून न्यायालयातला दावा थांबवावा अशी एका पक्षाची मागणी होती. ती नाकारली गेली. हा नकार अंतिम हुकूम मानायचा का?

प्रिव्ही कौन्सिलचे उत्तर होते, नाही. दावा अजून जिवंत आहे आणि पक्षकारांच्या हक्कांचा निर्णय अजून व्हायचाच आहे.

१०/
१९४७ साली फेडरल न्यायालयापुढे 'कुप्पुस्वामी राव विरुद्ध राजा' हे फौजदारी प्रकरण आले. त्यातही आक्षेप मंजुरीचाच होता : 'मी सरकारी नोकर आहे, वरिष्ठांच्या संमतीवाचून माझ्यावर खटला चालत नाही.' आक्षेप फेटाळला गेला. न्यायमूर्ती हरिलाल कानिया यांनी इंग्रजी निवाड्यांचा धांडोळा घेऊन सांगितले की हा हुकूम अंतिम नाही, कारण आक्षेप फेटाळल्यावर खटला पुढे चालूच राहतो. म्हणून फेडरल न्यायालयात अपील नाही.

लिमये यांच्या प्रकरणाशी हे किती मिळतेजुळते आहे, ते लक्षात आले असेल. मंजुरीवरचा आक्षेप तेथेही होता, येथेही. आणि तेथे उत्तर स्पष्ट 'नाही' असे होते.

११/
दिवाणी कायद्याने या प्रश्नाची एक सुबक वाटणी केली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कोणत्या दरम्यानच्या हुकमांवर अपील चालते याची यादीच दिली आहे. यादीबाहेरच्या हुकमातली चूक वाया जात नाही. अंतिम हुकूमनाम्यावर अपील करताना ती चूकही पुढे मांडता येते.

पण येथे एक सापळाही आहे. वाटपाच्या दाव्यात आधी 'प्राथमिक हुकूमनामा' होतो. कोणाचा किती हिस्सा, हे त्यात ठरते. मग प्रत्यक्ष जमिनीची वाटणी करून अंतिम हुकूमनामा होतो. 'शेवटी एकदमच अपील करू' म्हणून जो भाऊ प्राथमिक हुकूमनाम्यावर गप्प बसतो, त्याला पुढे हिश्श्यांबद्दल तक्रार करता येत नाही. कलम ९७ ने ते दार बंद केले आहे.

घाईने वर जाणारा जसा परत पाठवला जातो, तसा उशिरा जाणाराही.

१२/
फौजदारी कायद्यात अपिलाखेरीज आणखी एक मार्ग आहे, पुनरीक्षण. वकील त्याला 'रिव्हिजन' म्हणतात. खालच्या न्यायालयाचे दप्तर मागवून, हुकूम कायदेशीर आहे का, हे वरचे न्यायालय तपासते. जुन्या संहितेत हा अधिकार मोकळा होता. प्रत्येक टप्प्यावर रिव्हिजन होई आणि खटले रेंगाळत.

म्हणून १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम ३९७(२) आले : दरम्यानच्या हुकमाविरुद्ध पुनरीक्षण नाही. हेतू चांगला होता, पण 'दरम्यानचा हुकूम' म्हणजे काय, हे संहितेने सांगितलेच नाही. त्या रिकाम्या जागेत लिमये यांचे प्रकरण अडकले.

१३/
दरम्यान देशात आणीबाणी आली. जुलै १९७५ पासून फेब्रुवारी १९७७ पर्यंत लिमये तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. १९७७ च्या निवडणुकीत सत्ता पालटली. त्यांचा कायद्याचा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयात जिथल्या तिथे उभा होता.

त्याच वर्षी जुलैमध्ये 'अमरनाथ विरुद्ध हरियाणा राज्य' हा निवाडा झाला. पोलिसांच्या तपासात काही व्यक्तींविरुद्ध काही आढळले नव्हते. तरीही दंडाधिकाऱ्याने त्यांना यांत्रिकपणे समन्स काढले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या हुकमाने माणसाच्या हक्कांवर ठोस परिणाम होतो तो केवळ 'दरम्यानचा' नव्हे. पण त्याच निवाड्यात असेही म्हटले होते की कलम ३९७(२) ने जे अडवले, ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराच्या आडवाटेने आत आणता येणार नाही.

१४/
३१ ऑक्टोबर १९७७ रोजी लिमये यांच्या अपिलाचा निकाल लागला. न्या. उंटवालिया, न्या. गोस्वामी आणि न्या. देसाई यांचे खंडपीठ होते. निवाडा न्या. उंटवालिया यांनी लिहिला. कुप्पुस्वामी रावची कसोटी जशीच्या तशी लावली तर लिमये हरणार, हे त्यांना दिसत होते. ती कसोटी त्यांनी नाकारली नाही. त्यांनी विचारले की ती येथे लागू पडते का?

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : जे जे अंतिम नाही ते सारे दरम्यानचे, असे धरले तर पुनरीक्षणाच्या अधिकारात काय उरते? अंतिम निकालाविरुद्ध बहुतेक वेळा अपीलच असते. मग पुनरीक्षणाचे कलम संहितेत ठेवलेच कशाला? संसदेने एका हाताने दिलेला अधिकार दुसऱ्या हाताने पूर्ण काढून घेतला असेल, असे मानता येत नाही.

१५/
म्हणून त्यांनी मधला तिसरा वर्ग मान्य केला. काही हुकूम अंतिम नसतात आणि निव्वळ दरम्यानचेही नसतात.

असा हुकूम ओळखायचा कसा? आरोपीचा आक्षेप मान्य झाला असता तर खटला तिथेच संपला असता का, हे पाहायचे. संपला असता, तर तो आक्षेप फेटाळणारा हुकूम या मधल्या वर्गात बसतो आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण चालते. तारीख, साक्षीदार, कागदपत्रे यांविषयीच्या हुकमांना ही कसोटी लावून पाहा. त्यांचा निर्णय कसाही लागला तरी खटला चालूच राहतो. ते खरे दरम्यानचे हुकूम.

'न्यायालयाला अधिकारच नाही' हा लिमये यांचा आक्षेप मान्य झाला असता, तर खटला त्याच दिवशी संपला असता.

१६/
अंगभूत अधिकाराविषयीही न्यायालयाने तीन महिन्यांपूर्वीचे आपले मत सौम्य केले. विशेष म्हणजे न्या. गोस्वामी दोन्ही खंडपीठांत होते. नेहमीच्या दरम्यानच्या हुकमात उच्च न्यायालयाने हात घालू नये. पण प्रक्रियेचा उघड दुरुपयोग होत असेल, तर कलम ३९७(२) कडे बोट दाखवून उच्च न्यायालयाने डोळे मिटून बसण्याचे कारण नाही.

या साऱ्याचे लिमये यांना प्रत्यक्षात काय मिळाले? खटला रद्द झाला नाही. आरोप खोटे की खरे हे ठरले नाही. प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले आणि त्यांचे म्हणणे गुणावगुणांवर ऐकून निर्णय द्यावा, असा आदेश झाला. पत्रकार परिषदेला तीन वर्षे उलटल्यावर त्यांनी मिळवला तो ऐकून घेतले जाण्याचा हक्क.

१७/
हा हक्क किरकोळ वाटेल, पण तो नसता तर काय झाले असते याचा विचार करा. ज्या न्यायालयाला अधिकारच नसू शकतो, तेथे आरोपीने पूर्ण खटला सोसायचा. पुढे निर्दोष सुटला, तर आक्षेप बरोबर होता का हे कधी कळणारच नाही, आणि त्याची गेलेली वर्षे परत येणार नाहीत. दोषी ठरला, तर अपिलात कदाचित सांगितले जाईल की सारा खटलाच व्यर्थ होता. साक्षीदारांचा, न्यायालयाचा आणि फिर्यादीचा वेळही त्यासोबत वाया गेलेला असेल.

मधला वर्ग मानल्याने आरोपीला सवलत मिळाली हे खरे. पण खटल्याचा पाया आधी तपासला जाणे हे फिर्यादीच्याही सोयीचे आहे.

१८/
ही कसोटी सर्वत्र सारखी चालत नाही, हेही लवकरच दिसले. आणीबाणीतील माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांच्यावर १९७९ च्या विशेष न्यायालय कायद्याखाली खटला चालला. दोषारोप निश्चित करणाऱ्या हुकमाविरुद्ध त्यांनी अपील केले. सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही असे सांगितले. तो कायदा खटले झपाट्याने संपवण्यासाठी केला होता, म्हणून त्यात 'दरम्यानचा हुकूम' या शब्दांचा अर्थ अधिक व्यापक घ्यायला हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या लिमये यांना जे दार उघडले, ते आणीबाणीतल्या मंत्र्याला उघडले नाही. फरक व्यक्तींचा नव्हता, कायद्याच्या हेतूचा होता.

१९/
आणि आता मूळ प्रकरणातल्या दुसऱ्या नावाकडे. अंतुले १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. १९८२ साली त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याविरुद्ध रा. श्री. नायक यांनी भ्रष्टाचाराची फिर्याद दिली होती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी, खटला लवकर संपावा म्हणून, तो विशेष न्यायाधीशाकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला. न्या. देसाई या खंडपीठातही होते.

अंतुले यांची तक्रार होती : 'कायद्याने हा खटला विशेष न्यायाधीशापुढेच चालायला हवा. तो थेट उच्च न्यायालयात चालवल्याने उच्च न्यायालयात अपील करण्याचा माझा हक्क गेला.' पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे कोणाकडे?

२९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने आपलाच १९८४ चा तो निर्देश मागे घेतला. न्यायालयाच्या चुकीने कोणाचे नुकसान होता कामा नये, हे त्यामागचे सूत्र होते.

२०/
१९७४ साली ज्यांच्या अब्रूसाठी सरकारने फिर्याद दिली आणि 'वर जाता येत नाही' अशी हरकत घेतली, त्याच अंतुले यांना चौदा वर्षांनी वर जाण्याच्या हक्कासाठी न्यायालयात उभे राहावे लागले. आणि तो हक्क त्यांना मिळाला. अपिलाचे नियम कोणासाठी सोयीचे आहेत हे पाहून ते बनवता येत नाहीत, याचे याहून बोलके उदाहरण मराठी राजकारणात क्वचितच सापडेल.

२१/
१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले. जुने ३९७ आता ४३८ झाले आहे आणि अंगभूत अधिकाराचे ४८२ आता ५२८. दरम्यानच्या हुकमाविरुद्ध पुनरीक्षण नाही, हे वाक्य मात्र कायम राहिले. 'दरम्यानचा हुकूम' याची व्याख्या याही वेळी दिलेली नाही.

म्हणून एखाद्या आरोपीचा वकील आजही उच्च न्यायालयात रिव्हिजन घेऊन उभा राहतो आणि समोरून 'हा दरम्यानचा हुकूम आहे' अशी हरकत येते, तेव्हा न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतात, जो १९७७ साली विचारला गेला : तुमचा आक्षेप मान्य झाला असता, तर खटला संपला असता का?

समाप्त.